लग्नाच्या सालची बाटली

८ नोव्हेंबर

हॉटेलच्या पँट्रीत उपड्या खोक्यांवर बसून आम्ही दोघं ग्लास पुसत होतो. दुपारची मोठी पार्टी नुकतीच उठली होती. मी तेव्हा तिथे टेलिफोनवर होते, हे वाइनच्या विभागात उमेदवारी करत होते, आणि आमचं लग्न अजून ठरायचं होतं. कामाची पाळी संपल्यावर घरी जायचं सोडून मी चपला काढून तिथे बसले होते. एका ग्लासच्या तळाशी घोटभर लाल वाइन राहिली होती. ती ओतून न देता यांनी ग्लास माझ्या नाकाखाली धरला.

"वास घे. घाई करू नकोस."

मी घेतला आणि मनात आलं ते बोलून गेले. "आमच्या शाळेचं चॅपेल. बाकांना मेण लावून पुसल्यावर. आणि बाहेर ओल्या पानांचा ढीग."

हे बघतच राहिले. "इतके दिवस मी नुसतं 'छान' म्हणतोय," म्हणाले. मग हळूच, "कधीतरी आपण अख्खी बाटली घेऊ."

घेतली नाही. लेक झाली, तिची शाळा, हे घर, सासूबाईंचं आजारपण. हे पुढे वाइन विभागाचे मुख्य झाले. हॉटेलात कुठली वाइन यायची आणि कुठली नाही, ते यांच्या नाकावर ठरायचं. दुसऱ्यांसाठी हजारो बाटल्या उघडल्या. आमची राहिली ती राहिलीच.

आज सकाळी चहा पिता पिता हे म्हणाले, "बाटली घ्यायची का?"

कुठली, ते विचारावं लागलं नाही.

हॉटेल आता कायमचं बंद झालंय. तळघरातला माल विकायला काढलाय आणि ते काम चिमणीकडे आहे. चिमणी यांच्या हाताखाली शिकलेली. चणीने लहान म्हणून तिला सगळे चिमणी म्हणायचे, आता चाळिशी उलटली तरी नाव तेच. ती स्वतःचं वाइनचं दुकान काढते आहे. मालकांनी तिला सांगितलंय, आधी तुला हवा तो माल उचल, उरलेला बाहेर जाईल. तिने यांना फोन केला होता. फ्रान्सच्या लाल वाइनची, बोर्दोची, एक अख्खी पेटी आहे, सर, तुमच्या लग्नाच्या सालची.

निवृत्त झाल्यापासून हे इतके गप्प झालेत की एवढं एक वाक्य ऐकून मला भरून आलं.

११ नोव्हेंबर

तळघरात जाऊन आलो. हॉटेलचं दार बाजूच्या गल्लीतून उघडलं. गालिचे गुंडाळून ठेवलेले, खुर्च्या टेबलांवर उलट्या, माझ्या टेलिफोनच्या खोलीत रंगाचे रिकामे डबे. मी फार वेळ तिथे थांबले नाही.

पण खाली गेल्यावर हे एकदम पंधरा वर्षांनी लहान झाले. टॉर्च घेऊन एकेक बाटली न हलवता नुसती निरखत होते. "ही बघ, हिची पातळी खांद्याच्या खाली आलीय. म्हणजे बुचातून हवा आत जात होती. ही नको. हिच्या टोपणाखालून ओघळ आलाय, हीही नको." एक बाटली त्यांनी टॉर्चसमोर धरली. आतला रंग जुन्या विटेसारखा दिसला. "पातळी मानेत आहे. टोपण कोरडं. गाळ एका बाजूला नीट बसलाय, म्हणजे हिला कुणी त्रास दिलेला नाही."

"लेबल फाटलंय," मी म्हटलं.

"लेबल प्यायचंय का तुला?"

चिमणी हसली. "काकू, सरांचा तोंडाचा पट्टा परत सुरू झाला!"

मग ती गंभीर झाली. म्हणाली, "सर, माझे पैसे एकाच गोष्टीत अडकवायचे तर ही पेटी घ्यावी असं वाटतंय. दुकानाचं नाव होईल. पण बाहेरून दिसतं तेवढ्यावर नाही घेणार. तुम्ही तुमची उघडा. तुम्ही हो म्हणालात तर उरलेल्या अकरा माझ्या."

"मी सांगेन," हे म्हणाले. आणि पुन्हा म्हणाले, "सांगेन मी."

येताना जिन्यावर यांनी कठडा घट्ट धरला होता. बाटली मात्र माझ्या हातात दिली. एवढा जपणारा माणूस, स्वतः का नाही घेतली कोण जाणे. माझ्यावर एवढा विश्वास टाकला म्हणून मला उगीचच अभिमान वाटला.

१२ नोव्हेंबर

मनात आहे ते इथे नाही लिहायचं तर कुठे लिहायचं?

लग्न झाल्यापासून मी एकच साबण वापरत आले, लॅव्हेंडरचा. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर लोकांच्या कपाटात त्या फुलांच्या पुरचुंड्या असायच्या, तिथून ती आवड लागली. मी खोलीत शिरले की हे पाठमोरे असले तरी म्हणायचे, "आली लॅव्हेंडर." लेक लहानपणी चिडवायची, बाबांना आईचं नावच माहीत नाही म्हणून. मागच्या हिवाळ्यात दुकानदाराने तो साबण ठेवणं बंद केलं. मी दुसरा आणला, लिंबाचा, भांडी घासायच्या पावडरीसारख्या वासाचा. वाट बघत राहिले, हे काहीतरी बोलतील. आज वर्ष होत आलं. एक अक्षर नाही.

माणूस म्हातारा झाला की बायको खुर्चीटेबलासारखी होत असेल.

१७ नोव्हेंबर

ताई आली होती. माझी ही थोरली बहीण आली की घरातला पलंगसुद्धा सावरून बसतो. बाटली साइडबोर्डवर उभी बघून म्हणाली, "हिच्यासाठी एवढा खर्च? एवढ्यात तुझ्या दोन्ही गुडघ्यांचा इलाज झाला असता."

"गुडघे दरवर्षी जुने होतात ताई, किंमत वाढत नाही," हे आतून म्हणाले.

ताई खो खो हसली. मला म्हणाली, "तू एका माणसाशी लग्न नाही केलंस, नवऱ्याशी आणि त्याच्या नाकाशी केलंस."

आम्ही दोघी बाल्कनीत बोलत बसलो आणि गॅसवर दूध विसरले. घरभर करपट वास सुटला तेव्हा धावले. हे स्वयंपाकघराच्या टेबलाशीच, शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसले होते. पातेलं काळं ठिक्कर.

"अहो, निदान गॅस तरी बंद करायचा!"

"लक्ष नव्हतं," म्हणाले.

ताई जाताना दारात हलक्या आवाजात म्हणाली, "हा रुसलाय का तुझ्यावर?" मी म्हटलं, नाही गं. पण मलाही तेच वाटतंय.

२१ नोव्हेंबर

बाटली उभी ठेवलीय, म्हणजे गाळ तळाशी बसेल. मी जवळून जातानाही पाय न वाजवता जाते. झोपलेलं बाळ आहे जणू.

लेकीचा फोन. तिला मागच्या भेटीत वडिलांचा उजवा हात चालताना हलत नाही असं दिसलं. शर्टाची बटणंही मी लावून देते हे तिने पाहिलं. "आई, मी डॉक्टरांची वेळ घेतलीय, सव्वीसची. बाबांना तू सांग."

मी सांगितलं. हे म्हणाले, "चोवीसनंतर कुठेही ने."

चोवीसला लग्नाचा वाढदिवस. एका बाटलीत यांचा एवढा जीव गुंतलाय. मी कधी म्हटलं नाही, पण गेले काही दिवस मलाही त्या संध्याकाळची आस लागलीय. वाटतं, तो वास आला की हे माझ्याकडे तसं बघतील, पँट्रीत बघितलं होतं तसं.

२४ नोव्हेंबर

सगळं नीट लिहून काढते. नाहीतर उद्या मला वाटेल की मी काहीतरी कल्पून घेतलं.

संध्याकाळी चिमणी आली. पांढरी चादर अंथरली, मेणबत्ती लावली. जुन्या वाइनला जास्त हवा सोसत नाही, उघडली की लगेच प्यायची, म्हणून आम्ही तिघंही खुर्च्यांवर बसल्यावरच यांनी बूच काढायला घेतलं. जुनं बूच भुसभुशीत होतं, त्यासाठीचं ते दोन पात्यांचं हत्यार यांनी बाजूने आत सरकवलं. हात थरथरला. बूच निम्म्यात तुटलं.

"द्या सर, माझ्याकडे," चिमणी म्हणाली, आणि उरलेलं असं अलगद काढलं की एक कणसुद्धा आत पडला नाही. मग मेणबत्तीच्या उजेडात बाटलीच्या मानेकडे बघत बघत तिने वाइन काचेच्या भांड्यात ओतली, गाळ दिसताच हात थांबवला. हे तिच्या हाताकडे बघत होते. त्या नजरेत कौतुक होतं की आणखी काही, मला सांगता येत नाही.

यांनी ग्लास चादरीवर तिरपा धरला. "कड विटकरी. मधे अजून लाल. वयाच्या मानाने उत्तम." आवाज अगदी पूर्वीचा.

मग ग्लास नाकाशी नेला.

मी आधी माझा उचलला नाही. यांच्याकडेच बघत होते. यांनी डोळे मिटले. ग्लास फिरवला, पुन्हा वास घेतला. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा नाक जवळजवळ आत बुडालं. एक घोट तोंडात घोळवला. मग ग्लास खाली ठेवला, अगदी हळू, आवाज न करता.

"मेलीय," म्हणाले.

चिमणीने स्वतःचा ग्लास नाकाशी नेला आणि ती थांबली. तशीच थांबून राहिली. मग तिने यांच्याकडे पाहिलं.

"काहीच उरलेलं नाही तिच्यात," हे म्हणाले. "रंग फसवतो. त्या पेटीला हात लावू नकोस तू. घेऊ नकोस."

चिमणीचा चेहरा मला समजला नाही. "बरं, सर," म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "बरं. नाही घेत."

मग मी वास घेतला. आणि इथेच मी वेडी आहे की काय असं वाटतं. मला चॅपेल आलं. मेण लावलेली बाकं आली, ओली पानं आली, त्यांच्या मागून सिस्टरांच्या जुन्या चामडी पुस्तकांचा वास आला, आणि सगळ्यात शेवटी काहीतरी गोड, सुकलेल्या फळासारखं. घोट घेतला तर तो गिळल्यावरही कितीतरी वेळ तोंडात राहिला. मी बोलणार होते. पण ज्या माणसाने जन्मभर हेच केलं तो मेलीय म्हणतोय, आणि माझं नाक म्हणजे दूध नासलंय का ते कळण्यापुरतं. चाळीस वर्षं ज्या वासाची आठवण काढत बसले, तो मला आता रिकाम्या ग्लासातूनही येईल. आठवणीच्या वासाला वाइन कशाला लागते?

"ओतून दे सिंकमध्ये," हे म्हणाले आणि आत जाऊन पडले.

चिमणी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. तिने आपला ग्लास थेंब न ठेवता संपवला होता. मेलेली वाइन कुणी असं निथळून पितं का? मग यांचा उष्टा ग्लासही उचलला आणि डोळे मिटून प्यायली. डोळे उघडले तर भरलेले.

"काय झालं गं?"

"काही नाही काकू. सरांनी बोलावलं म्हणून बरं वाटलं."

मी नळ सोडला, ओतल्याचा आवाज यावा म्हणून. पण वाइन ओतवेना. रसाची एक छोटी बाटली धुऊन ठेवली होती, तिच्यात अगदी तोंडापर्यंत भरली, झाकण लावलं, फ्रिजमध्ये भाज्यांच्या मागे ठेवली. नवऱ्याने मेली म्हटलेली वाइन बायको लपवून ठेवते. ताईला कळलं तर जन्मभर चिडवेल.

२५ नोव्हेंबर

दिवसभर एकमेकांशी नीटसं बोललो नाही. चिमणीचा मेसेज आला, पेटी दुसऱ्या हॉटेलवाल्यांना दिली म्हणून. तिला सल्ला वेळेवर मिळाला, तरी एवढी हिरमुसली का असावी?

२६ नोव्हेंबर

डॉक्टर तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. यांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, एक वाक्य लिहायला लावलं. शेवटाकडे अक्षर मुंगीएवढं झालं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "वास कधीपासून येत नाही?"

मला हसूच आलं. म्हटलं, "डॉक्टर, यांचं नाक म्हणजे—" आणि यांच्याकडे पाहिलं.

हे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. "दोन हिवाळे झाले," म्हणाले.

डॉक्टर बराच वेळ बोलले. पार्किन्सन. गोळ्यांनी हात सुधारेल, चालणं सुधारेल. वास बहुधा परत येणार नाही. या आजारात कधी कधी तोच सगळ्यात आधी जातो, हाताच्या कितीतरी आधी. लेक टिपून घेत होती. मला करपलेलं दूध दिसत होतं. लिंबाचा साबण दिसत होता. वर्षभर मी ज्याला रुसवा समजले, ते हे होतं.

लेक गाडी आणायला गेली तेव्हा आम्ही दोघं दवाखान्याच्या पायरीवर उभे राहिलो.

"सांगायचं नाही का मला?"

"काय सांगू? सगळी माणसं मला नाकाने ओळखतात. तूही त्याच्यामुळेच भेटलीस." मग म्हणाले, "मला वाटलं होतं, एवढी जुनी, एवढी मोठी वाइन. तिच्यातून तरी काहीतरी पोचेल. म्हणून घेतली. नाही पोचलं. तेव्हा मेली होती ती एक तर बाटली, नाहीतर मी. मला बाटली म्हणणं सोपं गेलं."

गाड्या येत-जात होत्या. मग यांनी विचारलं, "कशी होती गं?"

"तुम्ही म्हणालात तशीच. मेलेली."

हे हसले. खरंखुरं हसले. "तुला खोटं बोलता येत नाही. सिस्टरांनी बिघडवून ठेवलंय तुला. नीट सांग."

मी सांगितलं. गाडीत बसल्यावरही सांगत राहिले. बाकं, मेण, पानं, चामड्याची पुस्तकं. मधेच अडवून हे विचारायचे, "पानं सुकी की कुजलेली? फळ कुठलं? चव जिभेच्या मागे राहिली की कडेला?" लेक पुढे गाडी चालवत होती आणि आरशात तिचे डोळे मला दिसत होते. घरासमोर पोचलो तेव्हा हे म्हणाले, "म्हणजे अप्रतिम होती."

"हो," मी म्हटलं.

२७ नोव्हेंबर

यांनी स्वतः चिमणीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, बहुतेक मी ऐकावं म्हणून.

"पेटी परत घे. माझं चुकलं. मला वास येत नाही, दोन वर्षं झाली."

पलीकडून, "गेली, सर."

"तुला त्या दिवशीच कळलं होतं ना? मग का नाही बोललीस?"

"तुमच्या टेबलावर बसून तुम्हाला खोटं पाडू? काय बोलता सर." नाक ओढल्याचा आवाज आला. "दुकान काय, साध्या वाइनवरही चालतं."

"मूर्ख आहेस," हे म्हणाले. "शिष्य म्हणून माझी लाज काढलीस. नाकाला जे कळतं ते बोलायचं, समोर कोणीही असो." फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ हात गुडघ्यावर ठेवून बसून होते. एक हात थरथरत होता, दुसऱ्याने त्याला धरलं होतं.

मी फ्रिजमधली छोटी बाटली काढली. थोडी थकली होती, पण होती. दोन साधे ग्लास घेतले. हे प्यायले, मी बोलले. गार ओलं काहीतरी, एवढंच लागतं, म्हणाले. शेवटचा घोट यांनी मला दिला.

१५ डिसेंबर

नव्या वर्षात आम्ही लेकीच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला जाणार. जिने आता झेपायचे नाहीत. सामान बांधताना माझी तब्येत धड नसली किंवा मी रडत बसले तर कुणी विचारत बसू नये, म्हणून कोणाला काय द्यायचं ते इथेच लिहून ठेवते. लेकी, हे पान तुझ्यासाठी.

बाबा हॉटेलात गळ्यात घालायचे ती वाइनची चव बघायची चांदीची वाटी, साखळीसकट, चिमणीला. बूच काढायचं ते दोन पात्यांचं हत्यारही तिलाच. बाबा स्वतःच्या हाताने देणार आहेत, तू मधे बोलू नकोस, आणि ती नको म्हणाली तर तिच्या पिशवीत टाक.

ओतायचं काचेचं भांडं ताईमावशीला. ती त्यात फुलं ठेवील. ठेवू दे.

पातळ काचेचे सगळे ग्लास तुला. रोज वापर, फुटले तर फुटले. दोन साधे, जाड काचेचे, हॉटेलच्या पँट्रीतले, आमच्याबरोबर येतील. ते कागदात गुंडाळू नको, माझ्या हातातल्या पिशवीत दे.

टॉर्च जावईबापूंना. त्यांना किल्ल्या शोधायला लागतो.

फाटक्या लेबलची रिकामी बाटली बाबांच्या पलंगाशेजारी. कुणी धुवायची नाही. तुटलेलं बूच माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, तिथेच राहू दे.

स्वयंपाकघरात गॅस गळला की वाजणारं यंत्र आधी बसव, मग आम्हाला बोलाव.

आणि तो लॅव्हेंडरचा साबण कुठे मिळाला तर माझ्यासाठी आण. दोन-तीन आण. त्यांना वास येणार नाही, ते मला माहीत आहे. पण परवा मी खोलीत गेले तेव्हा हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. पावलं ओळखून म्हणाले, "आली लॅव्हेंडर." अंगाला लिंबाचा वास घेऊन मी तशीच उभी राहिले.